बिनखवल्यांचा साप आणि बिनकागदाचा बाजार

मंडळी, थोडं लांब लिहितोय. एका बैठकीत वाचून होणार नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धवट वाचून खाली भांडू नका.

गेल्या पंधरा दिवसांत एकच रील मला वीसेक जणांनी तरी पाठवलं असेल. एक मुलगा, मागे एलईडीची निळी पट्टी, आणि त्याच्या मनगटाला गुंडाळलेला गुलाबी-केशरी, गुळगुळीत, ओल्या रबरासारखा दिसणारा साप. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. 'दादा, हे खरं आहे की एआय?' 'याला सोललंय का?' 'चावला तर?' 'कायद्यात बसतं का हो?' आणि एकाचा तर सरळ, 'कितीला मिळेल?'

मी गेली चौदा वर्षं नाशिकमध्ये सापांचे कॉल घेतो. सातपूरपासून देवळालीपर्यंत कुणाच्या बाथरूममध्ये, कुणाच्या मीटरपेटीत, कुणाच्या कांद्याच्या चाळीत साप निघाला की फोन वाजतो. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. हा साप पाळणाऱ्या पोरावर माझा राग नाही. तो साप त्याच्या खोलीपर्यंत कसा पोचला हे आपल्याकडे एकाही सरकारी वहीत लिहिलेलं नसतं, राग त्यावर आहे. बॉल पायथन नावाचा दुसरा परदेशी साप घरात असेल तर सरकारदरबारी नोंद सक्तीची. कॉर्न स्नेक असेल तर कुणी विचारत नाही. आणि याच न विचारण्यातून पुढचे सगळे घोळ होतात.

आधी साप समजून घेऊ. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. उंदीर खातो, मक्याच्या कोठारांच्या आसपास सापडायचा आणि पोटावरची नक्षी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते, म्हणून ते नाव. आपल्याकडचा तस्कर माहीत असेल ना, अंगणात, अडगळीत निघतो, चिडला की मान इंग्रजी 'एस'सारखी करून फुगतो? स्वभावाने आणि कुळाने कॉर्न स्नेक त्याचाच लांबचा भाऊबंद. मोठा झाला की चार-पाच फूट. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खवले. हा साप आजारी नाही, सोललेला नाही, त्याची कात अडकलेली नाही. जन्मतःच पाठीवर खवले नसलेली ही जात आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात कॉर्न स्नेक आणि त्याचा जवळचा नातेवाईक ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक यांच्या संकरातून ही पिल्लं निघाली. हा गुण सुप्त असतो. आईबाप दोघांनी तो वाहून आणला तर साधारण चारात एक पिल्लू बिनखवल्यांचं निघतं. आणि 'बिनखवल्यांचा' म्हटलं तरी पोटाखालचे आडवे पट्टे, ज्यांच्या जोरावर साप सरपटतो, ते बहुतेकांना असतातच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण प्राणिप्रेमी मंडळी इथे लगेच 'हा क्रूरपणा आहे' म्हणून उडी मारतात. खवले नाहीत म्हणजे अंगातलं पाणी उडून साप वाळून मरेल, असं वाटतं ना? १९७२ मध्ये लिख्ट आणि बेनेट या दोन संशोधकांनी खवले नसलेल्या एका गोफर सापावर नेमकं हेच तपासलं. पाणी कमी होण्याचा वेग खवलेवाल्या सापाइतकाच निघाला. पाणी धरून ठेवायचं काम कातडीतली चरबी करते, खवले नाही. म्हणजे 'बिचारा उघडा पडलाय' हे आपल्या डोळ्यांना वाटतं, सापाला तसं वाटत असेलच असं नाही.

पण खवले चिलखताचं काम करतात, आणि ते चिलखत या सापाकडे नाही. जिवंत उंदीर टाकला आणि तो उलटून चावला तर साध्या कॉर्न स्नेकला ओरखडा जाईल, याला जखम होईल. टाकीत खरबरीत दगड, काटेरी फांदी, जाळीची धारदार कडा असेल तर तेच. म्हणून ज्यांच्याकडे असा साप आहे त्यांना माझं पहिलं सांगणं, जिवंत उंदीर कधीही देऊ नका. गोठवलेला उंदीर फ्रीजमधून काढून पूर्ण वितळवून, कोमट करून, चिमट्याने द्यायचा. त्याची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार जास्त नको. पिल्लाला पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी एकदा. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घ्यायचं नाही, नाहीतर ओकून टाकतो.

आता हे नाशिकच्या घरात कसं जमवायचं, ते सांगा. फ्रीजमध्ये उंदीर. श्रावणात. कांदा-लसूण बंद असलेल्या घरात. एका पोराने मला सांगितलं, आईला कळू नये म्हणून तो उंदरांची पिशवी आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. त्या माउलीने एकदा डबा उघडला. पुढचं मी लिहीत नाही.

हसू येतं, पण यातूनच गोष्टी बिघडतात. घरातल्यांपासून लपवलेला साप म्हणजे कपाटात ठेवलेला साप, वायर लपवलेली हीट मॅट, आणि आजारी पडला तर कुणाला विचारायची सोय नाही.

हवामानाचं बघा. कॉर्न स्नेकला टाकीच्या एका टोकाला २८ ते ३१ अंश आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २५ अंश तापमान लागतं, म्हणजे गरम वाटलं तर तो थंड बाजूला सरकू शकतो. दोन्हीकडे लपायला जागा. आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा त्याला गरम करायचा नसतो, वाचवायचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट की भिंतींना बुरशी येते. टाकीत हवा खेळली नाही तर सापाला श्वसनाचा संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे येताहेत असं दिसलं की डॉक्टर गाठा, घरगुती उपाय करू नका. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा शहरातही हुडहुडी भरते. त्या दिवसांत हीट मॅट लागतेच, आणि त्याच दिवसांत रात्री लाईट जाते. तुमच्याकडे इन्व्हर्टर पंख्यासाठी असतो, सापासाठी कुणी विचार केलेला नसतो.

हीट मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर ती घेऊच नका. थर्मोस्टॅट नसलेली मॅट तापत जाते. सापाला पोटाकडून येणारी जास्तीची उष्णता वेळेत कळत नाही, तो तिथेच पडून राहतो आणि भाजतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. तो किस्सा आता सांगतो.

मागच्या हिवाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीतून फोन आला. 'साहेब, पार्किंगमध्ये विचित्र साप आहे, गुलाबी, कातडं नसलेला.' म्हटलं, कुणी हात लावू नका, लांब उभे राहा, नजर ठेवा. पोचलो तर तीस-चाळीस माणसं, मोबाईलचे टॉर्च, एकाच्या हातात लादी पुसायचा वायपर, एकाच्या हातात क्रिकेटची बॅट. एक काका छातीठोकपणे सांगत होते की हे कोब्राचं पिल्लू आहे आणि नुकतीच कात टाकल्यामुळे असं दिसतंय. दुसरे म्हणाले, बंगाली जादूचा साप आहे. साप बिचारा मीटरपेटीच्या खाली वेटोळं करून बसलेला, थंडीने आखडलेला. दीड-दोन फुटांचं पोरगं. उचलला तर चावायचीही ताकद नव्हती अंगात. टॉर्चमध्ये बघितलं तर पोटाच्या मध्यभागी रुपयाएवढा तपकिरी डाग. भाजल्याचा.

मी पोचायला दहा मिनिटं उशीर झाला असता तर बॅट बसली असती. यात त्या लोकांचा फारसा दोष नाही. पार्किंगमध्ये न ओळखता येणारा साप दिसल्यावर लेकरांची माणसं घाबरणारच.

आता खरा प्रश्न सुरू झाला, याचं करायचं काय? धामण असती तर नोंद करून दुसऱ्या दिवशी योग्य जागी सोडली असती. हा इथला नाही, सोडता येत नाही. मी एका कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता, खरंच. त्याने शांतपणे विचारलं, 'कुठल्या अनुसूचीत येतो?' म्हटलं, कुठल्याच नाही. तो म्हणाला, 'मग मी याची नोंद कशात करू?' आणि त्याचं बरोबर होतं. त्याच्यासमोरच्या फॉर्ममध्ये या सापासाठी रकाना नव्हता. प्राण्यांच्या तीन डॉक्टरांना विचारलं, तिघांनी साप बघत नाही म्हणून सांगितलं. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर जखम पाहून मलम आणि औषध सांगितलं.

दोन तासांनी मालक आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, तिथेच भाड्याने राहणारा. रडत होता. टाकीच्या झाकणाला क्लिप नव्हती, साप चार दिवसांपूर्वी निसटला होता आणि घरमालकाच्या भीतीने तो कुणाला सांगत नव्हता. साप कुठून घेतला? 'ऑनलाईन, एका ग्रुपवरून. एक माणूस बसच्या पार्सलने पाठवतो.' बिल? नाही. साप किती महिन्यांचा? माहीत नाही. भारतात जन्मलेला की बाहेरून आणलेला? 'भाऊ, ते कोण विचारतं?'

हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा. म्हणून आता कायद्याकडे येतो. कंटाळा करू नका, हाच भाग महत्त्वाचा आहे.

आपल्याकडचे साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. नाग, धामण, अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड किमान २५ हजार. परदेशी प्राण्यांबाबत मात्र कित्येक वर्षं हा कायदा गप्प होता. २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि कायद्यात नवी चौथी अनुसूची आली. साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा, भारत त्यात १९७६ पासून आहे. त्या कराराच्या यादीतले प्राणी या चौथ्या अनुसूचीत आले. मग २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून आहेत त्यांनी सहा महिन्यांत परिवेश पोर्टलवर नोंद करायची, नंतर घेतला तर तीस दिवसांत. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं.

चांगला नियम आहे. बॉल पायथन, इग्वाना, मकाव, हे सगळे त्यात येतात. कॉर्न स्नेक येत नाही, कारण तो साइट्सच्या यादीत नाही. अमेरिकेत तो मुबलक आहे, व्यापारामुळे संपायच्या बेतात नाही, म्हणून ती यादी त्याची दखल घेत नाही. साइट्सच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण साइट्सचा प्रश्न असतो, 'हा प्राणी त्याच्या देशातून नाहीसा होईल का?' आपला प्रश्न वेगळा हवा, 'हा प्राणी आपल्या गावात आला तर काय होईल?' दुसऱ्या कामासाठी केलेली यादी आपण या कामाला लावली आणि मधे हे भलंमोठं भगदाड राहिलं.

'पण मग तो कायदेशीरच झाला ना?' असं काही जण कमेंटमध्ये लिहितात आणि खाली विजयाचा अंगठा. थांबा. नोंद लागत नाही म्हणजे तो देशात कायदेशीर मार्गाने आला असं होत नाही. परदेशातून जिवंत साप परवान्याशिवाय आणणं हा सीमाशुल्क कायद्याखाली गुन्हाच आहे. २० डिसेंबर २०२३ ला मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाला अडवलं. बिस्किटाच्या आणि केकच्या पुड्यांत ११ साप निघाले, ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्याच कार्गोत मलेशियाहून 'शोभेचे मासे' म्हणून आलेल्या मालात ६६५ विदेशी प्राणी सापडले होते, साप, कासवं, सरडे. त्यातले ११७ मेलेले होते. सहाशे पासष्टात एकशे सतरा! हा पकडलेल्या मालाचा हिशेब. न पकडलेल्याचा कोण ठेवतो?

म्हणजे बघा, विमानतळावर तो साप गुन्ह्याचा माल असतो. विमानतळाच्या दारातून बाहेर पडला की त्याच सापाला कुणी हात लावत नाही. मुंबईहून नाशिक चार तासांचा रस्ता.

सगळेच कॉर्न स्नेक तस्करीचे, असं मी म्हणत नाही. भारतातही लोक घरी त्यांची पैदास करतात. एका घालीत दहा ते तीस अंडी, पिल्लं वाढवणं फार अवघड नाही. पण कुठला घरचा आणि कुठला केकच्या पुड्यातला, हे आज विकणाराच सांगेल ते खरं. प्रामाणिकपणे पैदास करणारा आणि तस्कर, दोघेही बिनकागदाचे, आणि गिऱ्हाईक स्वस्त मिळेल तिकडे जाणार.

आणि बिनखवल्यांच्या बाबतीत अजून एक गोष्ट. हा गुण दोन्हीकडून यावा लागतो, म्हणून नात्यातल्याच जोड्या पुन्हापुन्हा लावायचा मोह होतो. खवलेवाली जी पिल्लं निघतात त्यांना भाव कमी. मग ती पडेल त्या किमतीत ज्याला-त्याला खपवली जातात. इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या एका गुलाबी सापामागे अशी किती असतील, विचार करा. मला स्वतःला ही पैदास हौसेचा अतिरेक वाटते. निसर्गात क्वचित एखादा असा जन्मतो ते ठीक, पण जखमा सहज होतील असं जनावर मुद्दाम घडवायचं, का तर रंग उठून दिसतो? पग कुत्र्याचं नाक आपण असंच बसवलं आणि आता तो जन्मभर घोरत श्वास घेतो. असो, हे माझं मत. पण जन्मलेल्या सापाचा यात काही अपराध नाही, त्याला नीट जगवायलाच पाहिजे.

एक कॉर्न स्नेक सुटला तर एवढा काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. कॅनरी बेटांपैकी ग्रान कॅनारियावर कुणाचे तरी पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले. आता जिथे ते पसरलेत तिथले मूळचे मोठे सरडे जवळपास दिसेनासे झालेत. फ्लोरिडात आपल्या आशियातला ब्रह्मी अजगर सुटला आणि दलदलीतले सस्तन प्राणी फस्त करत सुटला. वर त्याच्यासोबत फुप्फुसात राहणारा एक आशियाई परजीवी गेला, तो आता तिथल्या स्थानिक सापांना मारतोय. ग्रँड केमन बेटावर तर कॉर्न स्नेकच येऊन स्थायिक झालाय. ऑस्ट्रेलियाने म्हणूनच तो पाळायला सरळ बंदी घातली आहे.

नाशिकमध्ये कॉर्न स्नेक वस्ती करेलच असं मी म्हणत नाही. पण इथे द्राक्षबागा आहेत, मक्याची शेतं आहेत, धान्याची गोदामं आहेत, उंदरांना तोटा नाही. त्याच्या मूळ गावाकडे याहून वेगळं काय असतं? आणि परजीवीला वस्ती करायला शंभर साप लागत नाहीत, एक आजारी साप आणि एक धामण पुरते.

आता 'सरसकट बंदी घाला' म्हणणाऱ्यांसाठी. मला ते पटत नाही. बंदी आली की आज टाकीत असलेले साप उद्या पिशवीत घालून पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा गोदावरीच्या काठी सोडले जातील. कासवांचं हेच झालं. लाल कानाची ती छोटी हिरवी कासवं हौसेने घेतली, ताटाएवढी झाल्यावर तलावात सोडली, आज मुंबई-पुण्याच्या तळ्यांत ती सापडतात. शिवाय जो मुलगा मला त्या रात्री भेटला, त्याच्यासारखी पोरं सापाची भीती घालवून आलेली असतात. ती सोपी गोष्ट नाही. ज्या शहरात अजून धामण दिसली की काठी शोधतात, तिथे साप हातात घेऊन त्याच्या कातीची काळजी करणारं पोरगं मला शत्रू वाटत नाही. त्यातली दोन-तीन जण आज माझ्यासोबत कॉलला येतात. चांगलं काम करतात.

मला हवंय ते एवढंच. घरात ठेवलेला प्रत्येक परदेशी सरपटणारा प्राणी, साइट्सच्या यादीत असो-नसो, त्याच परिवेश पोर्टलवर नोंदवला जावा. पोर्टल तयार आहे, पद्धत तयार आहे, यादी वाढवायची आहे. विकणाऱ्याने प्राणी कुठे जन्मला याचा कागद द्यावा, कागद नसेल तर विक्री गुन्हा. आणि यासाठी नवा कायदा करायलाही नको. २०२२ च्या दुरुस्तीतच कलम ६२अ आहे. बाहेरून आलेल्या आणि इथल्या जिवांना धोका ठरू शकणाऱ्या प्रजातींची आयात, त्या बाळगणं, त्यांची वाढ, यावर केंद्र सरकार त्याखाली नियंत्रण आणू शकतं. कॉर्न स्नेकबद्दल एक अधिसूचना निघाली तर त्या रात्रीच्या सभ्य माणसाला त्याच्या फॉर्ममध्ये रकाना मिळेल. आपले खासदार, आमदार याच पोस्टच्या खाली कुणीतरी टॅग करणार आहे हे माहीत आहे. करा. पण नुसतं टॅग करून थांबू नका, पत्र लिहा, कलमाचा नंबर घालून लिहा.

नोंद झाली तर अजून एक फायदा. आज या शहरात किती विदेशी साप आहेत हे कुणालाच माहीत नाही, म्हणून त्यांच्यावर उपचार शिकायची गरज कुठल्या डॉक्टरला वाटत नाही. आकडा समोर आला की डॉक्टरही तयार होतील. पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान १९८६ मध्ये उभं राहिलं, त्याने दोन-तीन पिढ्यांना साप ओळखायला शिकवलं. आपल्या जिल्ह्यात एवढे सर्पमित्र, एवढे साप, आणि भाजलेल्या सापाला मलम विचारायला पुण्याला व्हिडिओ कॉल करावा लागतो, याची मला तरी लाज वाटते.

'कितीला मिळेल?' विचारणाऱ्या मित्राला वेगळं उत्तर दिलं नव्हतं, इथेच देतो. सापाची किंमत सगळ्यात कमी खर्चाची बाब आहे रे. टाकी, दोन थर्मामीटर, थर्मोस्टॅट, बॅकअप, दर दोन आठवड्यांनी उंदीर, आणि हे पंधरा-वीस वर्षं. तू आज एकोणीसचा आहेस. साप जगला तर तू चाळिशीकडे जाशील. मधे नोकरी पुण्याला लागेल, लग्न होईल, बायको 'तो की मी' म्हणेल. तेव्हा त्याला कोण घेणार, याचं एका माणसाचं नाव आज सांगता येत असेल तर पुढचं बोलू.

त्या रात्रीचा साप माझ्याकडे अकरा दिवस होता. जखम सुकली, कात टाकली. बिनखवल्यांच्या सापाची कात हातात घेतली तर पातळ कांद्याच्या सालीसारखी लागते, मला ते ठाऊक नव्हतं. मुलाने थर्मोस्टॅट आणि क्लिपवालं झाकण आणून दाखवलं, घरमालकाला खरं सांगितलं, मग मी साप परत दिला. घरमालकांनी दोन अटी घातल्या. साप खोलीच्या बाहेर येणार नाही, आणि उंदीर त्यांच्या फ्रीजमध्ये नाही. दोन्ही अटी रास्त आहेत. पोराने छोटा फ्रीज सेकंडहँड घेतला.

शेवटी, ज्यांच्याकडे असे साप आहेत त्यांनी तीन कामं या आठवड्यातच करा. झाकणाला कुलूप किंवा क्लिप लावा. सापाचा स्पष्ट फोटो, पाठीचा आणि पोटाचा, फोनमध्ये ठेवा. आणि साप निसटला तर चार दिवस गप्प बसू नका. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून 'बिनविषारी आहे, मारू नका, मला फोन करा' असं लिहा. तेवढ्यावर न भागलं तर वन विभागाची हेल्पलाईन १९२६ आहे, जवळचे सर्पमित्र आहेत. कुणी रागावणार नाही. आणि ज्यांना पार्किंगमध्ये गुलाबी, केशरी, पांढरा, असा कधी न पाहिलेला साप दिसेल त्यांनी लांबून नजर ठेवा, लाईट लावा आणि फोन करा. बॅट घरात राहू द्या.